आईनं परत केलेला शब्द

आमच्या घरात नवं वर्ष एक जानेवारीला लागत नाही. घरातल्या प्रत्येकाला शब्द मिळाला की मग लागतं.

ही पद्धत दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांची सगळी नोकरी नामपल्ली स्टेशनात, पार्सल ऑफिसात गेली. त्यामुळे चिठ्ठी डकवल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुढे पाठवायची नाही, हा त्यांचा स्वभाव होऊन बसला होता. मग वर्ष तरी कसं पाठवणार? एक जानेवारीच्या सकाळची देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, उपासना आटोपून घरी आलो की जेवणाआधी सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, प्रार्थना करायची, आणि येत्या वर्षासाठी प्रत्येकानं आपापला एक शब्द सांगायचा. अख्खं वचन नको, एकच शब्द. वचन माणूस पाठ करतो आणि विसरतो, शब्द मात्र खिशात राहतो, असं दादा म्हणत. नियम दोनच. शब्द शास्त्रात, म्हणजे बायबलात, सापडला पाहिजे, आणि तो असा हवा की वर्षभरात निदान चार वेळा तरी आपण त्याला ठेचकाळू. मग दादा देवळातल्या मंडळीकडून मिळालेलं कॅलेंडर उघडून जानेवारीच्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं सगळ्यांचे शब्द लिहीत. सगळे लिहून झाले की कॅलेंडर खिळ्यावर. एकाचा जरी बाकी असला तरी भिंतीवर जुनंच वर्ष.

माझा स्वतःचा इतिहास या बाबतीत फारसा सांगण्यासारखा नाही. एका वर्षी मी ‘संयम’ घेतला आणि देवळाच्या फाटकाबाहेर पडायच्या आत एका ऑटोवाल्याशी भांडलो. एका वर्षी ‘नम्रता’ घेतली, ती आठवडाभरात चौदा माणसांना सांगून झाली. ‘मौन’ घेतलं त्या वर्षीचं तर बायको अजून सांगते, की इतकं बोलणारं मौन तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

दादा गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पेन्सील माझ्याकडे आहे. आणि गेल्या नाताळात माझ्या डोक्यात आलं की या पद्धतीत सुधारणा व्हायला हवी. माणसं आपला शब्द आपण निवडतात, तिथेच घोळ होतो. माझ्या मुलीनं सलग तीन वर्षं ‘आनंद’ घेतला. कॉलेजातल्या मुलीला आनंदाला कसली ठेच लागायची? बायको दरवर्षी ‘शांती’ घेते, आणि घेताना माझ्याकडे बघते. मी कुकटपल्लीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. कुठला माल कुठल्या रॅकवर जायचा हे तिथे मालाला विचारत नाहीत. तेव्हा मी ठरवलं, या वर्षी सगळ्यांचे शब्द मीच काढणार. नाताळच्या आठवड्यात शास्त्राची शब्दसूची घेऊन चार दिवस बसलो. करंज्यांचा डबा शेजारी होता, हेही सांगितलं पाहिजे.

बाकीच्यांचे शब्द म्हणजे खरं तर वरचं सामान. मला शब्द हवा होता तो आईसाठी.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ऑक्टोबरात ती बाल्कनीच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके निघाले, सगळं उत्तम. फिजिओथेरपीच्या बाई महिनाभर घरी यायच्या. त्या असल्या की आई वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. त्यांचं येणं संपलं आणि आईचं चालणंही संपलं. बाथरूमपर्यंत खुर्चीवरून ढकलत न्यायचं, परत आणायचं. बाकी वेळ पलंग. वॉकर भिंतीला लागला. आधी त्यावर एक टॉवेल आला, मग मुलीच्या ओढण्या, मग माझा ओला बनियन. चार पायांचं ते यंत्र आमच्या घरात उत्तम वाळवण करत होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हाड जुळलंय. पूर्ण वजन टाकायला हरकत नाही. पण येत्या महिनाभरात त्या चालल्या नाहीत ना, तर पायांतली ताकद जाईल. मग आम्हाला काही करता येणार नाही. पुढे पलंगच.”

पुढे पलंगच, हे दोन शब्द घेऊन मी घरी आलो होतो. त्यांना उत्तर म्हणून चार दिवस शोधून मी जो शब्द काढला तो होता ‘ऊठ’. शास्त्रात जागोजागी आहे. छोटा आहे. आणि माझ्या मते अगदी नेमका होता.

एक तारखेला सकाळी सातला आमची उपासना झाली. देऊळ तेलुगू मंडळीचं. आम्ही मराठी माणसं चाळीस-पन्नास डोकी, आम्हाला सकाळचा पहिला तास मिळतो. आई नव्हती. पाळकसाहेबांनी विचारलं, “सिस्टरबाई कशा आहेत?” मी म्हणालो, “या वर्षी येतील बघा.” माझ्या खिशात शब्द होता ना.

घरी आलो. टेबलावर बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्याचा भात, आणि त्यावर ओतायचं आंबट वरण, दालचा. आईच्या खोलीचं दार टेबलाच्या समोरच, त्यामुळे ती पलंगावरूनच सगळ्यात असते. मी प्रार्थना केली आणि सुधारणा जाहीर केली.

बायकोला मी ‘सोशिकता’ दिली. ती म्हणाली, “अहो, तो मी पंचवीस वर्षांपूर्वी देवळात सही करूनच घेतलाय. दुसरा काढा.” मुलीला ‘जागरूकता’ दिली. ती म्हणाली, “पप्पा, हा वर्ड आहे की पोलीस खात्याची जाहिरात? आणि मला तो लिहिता पण येणार नाही.” तिला मराठी बोलता झकास येतं, वाचायला मात्र ती अक्षराअक्षराला थांबते, रस्ता ओलांडल्यासारखी. म्हटलं, मी लिहितो, तू फक्त जागरूक राहा.

मग मी दालचा ढवळता ढवळता दाराकडे मान वळवून मोठ्यानं म्हणालो, “आणि आई, तुझा शब्द आहे, ऊठ.”

 खोलीतून आईचा आवाज आला, अगदी साधा.

“कोणाला म्हणालास?”

“तुला. या वर्षाचा.”

“बरं. आणि तुझा कुठला?”

“माझा... विश्वास.”

“हं. तो छान आहे. बसून करता येतो.” मग म्हणाली, “माझा तुझ्याकडेच ठेव. मला नको.”

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, आई, मग कॅलेंडर कसं लावणार? दादांचा नियम आहे.

“नको लावू. राहू दे डिसेंबर. मला कुठे जायचंय?”

मुलीनं चमचा खाली ठेवला. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताटातला भात उगाचच मोजायला लागलो. दादांच्या वेळेपासून एवढी वर्षं झाली, त्यांत आई कधी शब्दावाचून राहिली नव्हती. दादा गेले त्या जानेवारीतसुद्धा तिनं शब्द घेतला होता.

डिसेंबर राहिला. दोन तारीख, तीन, चार. आमच्या बैठकीत रोज एकतीस तारीख. घरकामाच्या बाई दोनदा म्हणाल्या, “सर, क्यालेंडर मारचलेदा?” म्हणजे बदललं नाही का. नवं कॅलेंडर कपाटावर गुंडाळी होऊन पडलं होतं, रुसलेल्या जावयासारखं. मी मधूनमधून आईच्या दारात उभा राहून नवेनवे शब्द पुकारायचो. “आई, ‘आशा’ घेतेस?” “आई, ‘बळ’?” “‘धीर’ कसा वाटतो?” आत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकदा म्हणाली, “भाजीवाला आलाय का रे?”

पाच तारखेला बायकोनं मला स्वयंपाकघरात घेतलं.

“आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. तासभर. आणि बोलू नका.”

“तासभर करू काय?”

“काही करू नका. तेच तर तुम्हाला जमत नाही.”

“पण डॉक्टर म्हणाले की...”

“डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना ठाऊक आहे. पस्तीस वर्षं त्या नर्स होत्या हो. पायाला काय होतंय ते तुमच्या आधी त्यांना कळतंय.”

हे मी विसरलो होतो, असं म्हणणं खोटं ठरेल. पण पलंगावर पडलेली आई बघून बघून तिची ती दुसरी उंची माझ्या नजरेतून गेली होती, हे खरं. एका मिशन इस्पितळात ती बायकांच्या सर्जिकल वॉर्डात होती. शाळा सुटली की मी तिथे व्हरांड्यात बसून तिची वाट बघायचो. ऑपरेशन झालेल्या बायकांना दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवायचं काम तिचं. त्या रडायच्या, शिव्या द्यायच्या, कुणी देवाला हाका मारायच्या, आणि आई तेलुगूत, दखनीत, मराठीत, जिला जी समजेल त्या भाषेत बोलत बोलत त्यांना उभं करायची. “लेवंडि अम्मा, लेवंडि.” “उठो बीबी, हल्लू, हल्लू.” अर्धं चिक्कडपल्ली तिनं चालतं केलंय. अजूनही बाजारात एखादी म्हातारी तिला थांबवून पदर बाजूला करून पोटावरची जुनी शिवण दाखवायला लागते. आई म्हणते, झाका ताई, आठवलं मला.

तर मी जाऊन आईच्या पलंगाच्या कडेला बसलो. गप्प. दहा-अकरा मिनिटं झाली असतील. माझ्या मानानं हा विक्रम होता.

आईनं डोळे उघडले. “काय झालं? नोकरी गेली?”

“नाही.”

“मग असा का बसलायस?”

“असाच.”

“डॉक्टरांचा फोन आला होता?”

“नाही गं. असाच बसलोय.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पेशंटला तपासावं तसं. मग पुन्हा डोळे मिटले. खालच्या गल्लीत कुणीतरी पतंगाची चरखी बघून भाव करत होतं. माझ्या जिभेवर ‘आशा’, ‘बळ’, ‘धीर’ सगळे रांगेत उभे होते. मी कुणालाच सोडलं नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “पेशंटला भीती कसली असते, माहितेय तुला?”

“दुखण्याची.”

“दुखण्याची नाही. दुखतं ते कळतं, कुठे ते सांगता येतं. भीती असते ती पलंग सुटतो आणि पाय अजून वजन घेत नाही, त्या मधल्या वेळेची. एवढुसा वेळ. पण त्या वेळेत बाई कुणाचीच नसते. पलंगाची नाही, जमिनीची नाही.” तिनं हात खुब्यावर ठेवला. “मी पडले ना, ते असंच. पायरी सुटली होती आणि जमीन आली नव्हती.”

मी तिच्याकडे जरा सरकून बसलो. 

“पस्तीस वर्षांत मी कुणाला लांबून ‘ऊठ’ म्हटलं नाही. माझा हात आधी तिच्या बगलेखाली जायचा, मग तोंड उघडायचं. आपल्या प्रभूनं त्या मेलेल्या पोरीला उठवलं, तेव्हा आधी तिचा हात धरला होता. वाच काढून. तू टेबलावरनं ओरडलास. दालचा ढवळत.”

“चुकलं, आई.”

“ती फिजिओवाली बाई चांगली होती, पण हातात फोन. तुझ्या बायकोची कंबर धड नाही, तिला कसं सांगणार? पोरगी आपल्या अभ्यासात. आणि तू...” ती जरा हसली. “तू दारात.”

“मला सांगायचंस ना.”

“तेच तर येत नाही रे.” तिनं चादरीची कड सारखी केली. “दुसऱ्यांना ‘टेका माझ्यावर’ म्हणायला शिकले. आपण टेकायला कुणी शिकवलंच नाही.”

आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी उठून उभा राहिलो आणि बाह्या वर केल्या. “मी धरतो. आत्ता.”

“आधी नखं काप,” आई म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. मी नखं कापली. हात धुऊन आलो. मग तिनं पडल्या पडल्या माझी शिकवणी घेतली, नवीन आलेल्या पोरींची घ्यायची तशी. चप्पल काढ, जमिनीला पाय चिकटला पाहिजे. पाय एकापुढे एक ठेव, जोडून नको, फोटो काढायचा नाहीये. हात बगलेखालून, अंगठा बाहेर. ओढायचं नाही, ओढलं की माणूस आखडतं. आपण नुसतं खांबासारखं असायचं, उठायचं काम त्याचं.

“प्रार्थना करू?” मी विचारलं.

“कर. पण तुझ्या वडिलांसारखी लांबवू नको, बसून माझी पाठ भरून येते. ‘प्रभू, धर’ एवढं म्हण आणि लाग कामाला.”

मी तेवढंच म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी प्रार्थना.

तिनं पाय खाली सोडले. माझ्या दंडावर तिचा हात आला. मी वाट बघत होतो तिच्या वजनाची, आणि वजन येईना. बोटं नुसती टेकलेली, चिमणी बसल्यासारखी. ती उठायची, अर्ध्यात यायची, आणि परत बसायची. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मीच घाबरून ओढलं.

“ओढू नको म्हटलं ना!”

“सॉरी, सॉरी.”

“वॉर्डात असतास तर घरी पाठवलं असतं तुला.”

चौथ्या वेळी ती अर्ध्यात आली आणि थांबली. तिचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. आणि मग तिनं टेकलं. सगळं वजन माझ्यावर टाकलं. आई एवढी हलकी झालीय हे मला ठाऊक नव्हतं, आणि एवढी जड आहे हेही नव्हतं. माझ्या कमरेतून कट्‌ असा आवाज आला.

“तुझं की माझं?” तिनं विचारलं.

“माझं.”

“मग ठीक आहे.”

आम्ही दोघं हसायला लागलो, तशी ती डगमगली, तसा मी डगमगलो, आणि दारात उभी असलेली बायको आणि मुलगी एकदम ओरडल्या. पण आम्ही पडलो नाही. आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती आणि उभी होती. मग एकेक पाऊल टाकत आम्ही खिडकीशी गेलो, आणि गजाला तिचा हात लागला तेव्हा तिनं खाली गल्लीत बघितलं. “अगं बाई, नारळवाल्यानं गाडी रंगवली,” ती म्हणाली. दोन महिन्यांनी बघत होती ना.

परत पलंगावर बसली तेव्हा कपाळाला घाम होता. पाणी प्यायली आणि मला म्हणाली, “आण तुझी पेन्सील.”

मी धावत पेन्सील आणली, कॅलेंडर आणलं. “‘ऊठ’ लिहू?”

“नाही. तो तुझा. रोज साडेसातपर्यंत लोळत असतोस. उद्यापासून सहाला ऊठ आणि मला धर. तुझा तो ‘विश्वास’ खोड.”

“आणि तुझा?”

“टेक.”

मी पेन्सील थांबवली. सवयीचा भाग. “आई, पण शास्त्रात पाहिजे. दादांचा नियम.”

“आहे.”

“कुठे?”

“शोध. चार दिवस शब्दसूची घेऊन बसला होतास ना?”

मुलीनं फोन काढला. इंग्रजी अक्षरांत काहीतरी टाइप केलं, मग मराठी शास्त्र उघडून वाचायला लागली, अक्षराअक्षराला थांबत. कुणी तिला घाई केली नाही. शेवटच्या भोजनाची जागा होती, जिथे एक शिष्य प्रभूच्या उराशी टेकून बसलेला असतो. तिचं वाचून झालं तेव्हा तिचा चेहरा रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्यासारखा झाला होता.

“बघ,” आई म्हणाली. “तो तर जवान होता. तरी टेकला.”

मी लिहिलं. बायकोनं ‘सोशिकता’ स्वतःच्या हातानं खोडून ‘शांती’ केलं आणि मुलीनं ‘जागरूकता’ काढून ‘आनंद’. मी हूं की चूं केलं नाही. जानेवारीच्या पाच तारखेला आमच्या भिंतीवर जानेवारी लागला.

त्यानंतर मी रोज सहाला उठलो असं लिहिलं तर बायको हे वाचून हसेल. तीन दिवस उठलो. चौथ्या दिवशी आईनं पलंगावरून ताटलीवर चमचा वाजवला. त्या दिवसापासून उठतोय. पहिल्यांदा खिडकीपर्यंत. मग बैठकीपर्यंत. वॉकरवरचे कपडे उतरले, घरात वाळवणाची अडचण झाली. माझा बनियन आता दारामागे वाळतो आणि वास मारतो. मग जिन्याच्या बाहेरचा व्हरांडा. तिथे समोरच्या ब्लॉकमधल्या अम्मा, तेलुगू, वयानं आईच्या जवळपासच्या, रोज आपल्या दारात उभ्या राहून मोजायच्या. काल इतकी पावलं, आज इतकी. आई त्यांना म्हणायची, “लेक्क वद्दु अम्मा,” मोजू नका, नजर लागेल. नजरबिजर आपण मानत नाही, असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, “मी नाही मानत. ती मानते ना, म्हणून ती थांबेल.”

काही दिवस वाईट गेले. एका सकाळी ती मधल्या वाटेत घाबरली आणि माझा हात झटकून ओरडली, “मला नाही जमत, ने मला.” मी नेलं. त्या दिवशी काही बोलायचं नाही एवढं मला आता कळत होतं. संध्याकाळी तिनंच सांगितलं, “उद्या परत.”

संक्रांतीच्या आठवड्यातला रविवार आला. शनिवारीच आई म्हणाली, “उद्या देवळात जायचं. सातच्या उपासनेला.”

मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी गल्ली आठवली. आमच्या गल्लीत ऑटो आतपर्यंत येत नाही, टोकापर्यंत चालावं लागतं, साठ-सत्तर पावलं. आणि संक्रांतीच्या दिवसांत पहाटे सगळ्या बायका दारासमोर मुग्गू घालतात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगोळ्या, मधे शेणाचे गोळे, त्यांत भोपळ्याची फुलं. पाय ठेवायला जागा नसते. धडधाकट माणूस उड्या मारत जातो. वॉकरचे चार पाय आणि आईचे दोन कसे जाणार?

“आई, पुढच्या रविवारी जाऊ.”

“का?”

“मुग्गू आहेत सगळीकडे.”

“मग? मी काय त्यांच्यावर नाचणारेय?”

रविवारी साडेसहाला आम्ही लिफ्टनं खाली उतरलो. बायको आणि मुलगी पुढे ऑटो थांबवायला गेल्या. आईनं ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा साडी नेसली होती, पांढरी, बारीक निळ्या काठाची. फाटकाबाहेर आलो आणि मी बघत राहिलो. मुग्गू होते. नेहमीपेक्षा मोठे होते, मोर, कमळं, ठिपक्यांची जाळी. पण गल्लीच्या डाव्या अंगाला, आमच्या फाटकापासून टोकापर्यंत, धुतलेल्या जमिनीची एक पट्टी कोरी सोडलेली होती. बरोब्बर वॉकरच्या रुंदीची. एका दारापाशी मोराचं शेपूट वळवून आत घेतलं होतं, जागा पुरावी म्हणून.

समोरच्या अम्मा रांगोळीचा वाडगा घेऊन उभ्या होत्या. म्हणजे यांनी नुसती पावलं मोजली नव्हती, वॉकरही मोजला होता. “वेळ्ळंडि सिस्टरम्मा, मेल्लगा,” त्या म्हणाल्या. जा, सावकाश.

 पेशंटच्या नातेवाइकांनी काही दिलं तर आई घ्यायची नाही, वॉर्डातला कडक नियम होता तिचा. इथे मात्र तिनं मान लववली आणि वॉकर पुढे टाकला. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हाताला मी. टक्, पाऊल, टक्, पाऊल. दारादारांतून बायका बघत होत्या, कुणी हसत, कुणी तोंडाला पदर लावून. अर्ध्यात ती थांबली, माझ्या दंडावर पूर्ण टेकली, श्वास घेतला, आणि तशीच उभी राहिली, सगळ्यांच्या देखत. घाई नाही. पूर्वीची आई असती तर भिंत धरली असती.

टोकाला ऑटो दिसायला लागला, सहा-सात पावलांवर. मुलगी आत बसली होती, हात बाहेर काढून हलवत होती.

“आता सोड,” आई म्हणाली.

“सोडू?”

“सोड म्हटलं ना. आणि मागे राहा, पण लांब नको.”

मी सोडलं. हात तसाच अर्धवट उचललेला राहिला, खाली घ्यायचं भान नव्हतं. आई दोन्ही हातांनी वॉकर धरून पुढे गेली. एक. दोन. तिसऱ्या पावलाला जरा थांबली, उजवा पाय सावरला. चार. पाच. ऑटोवाल्यानं उतरून दांड्याला हात लावला, “आराम से अम्मा, आराम से.” सहाव्या पावलाला तिनं ऑटोचा दांडा धरला, मुलीनं आतून दुसरा हात धरला, आणि ती चढून बसली. पदर सारखा केला. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मी अजून तिथेच, मोराच्या शेपटापाशी. चष्म्याला पाणी आल्यामुळे मला काही नीट दिसत नव्हतं.

“नंतर रड,” आई म्हणाली. “आधी वॉकर घडी करून मागे ठेव. पहिलं गीत चुकतंय.”